लाल होडी

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागलो, तिसरं-चौथं वळण घेतलं आणि डॅशबोर्डवर एक लाल होडी पेटली.

होडी हे नाव बायकोचं. "अहो, होडी आली बघा. पुढे रस्त्यावर पाणी असेल." मे महिना संपत आलेला. खाली सावित्रीच्या पात्रातसुद्धा गोटेच दिसत होते, मग घाटात पाणी कुठलं? मागच्या सीटवरून अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्मा कपाळावर चढवून पुढे वाकले. ती होडी नसून किल्ली आहे आणि तू किल्ली नीट बसवली नाहीस, असा त्यांनी निर्वाळा दिला. आत्याला ती समई वाटली आणि तिने हात जोडले. चिरंजीवांनी कानातली बोंडं न काढता एकदाच मान वर केली. "बाबा, तो थर्मामीटर आहे. पाण्यात बुडवलेला. इंजिन तापलंय." एवढं बोलून ते परत मोबाईलमध्ये बुडाले. घरात ज्याचं बरोबर असतं त्याचं ऐकायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे होडी, किल्ली आणि समई यांवर पुढचा अर्धा किलोमीटर चर्चा चालली.

मला विचाराल तर ते चित्र कशाचं आहे हे मलाही माहीत नव्हतं. पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि स्टिअरिंगवर बसलेल्याला सगळं माहीत असावं लागतं. "येतं ते अधूनमधून," मी म्हणालो. गाडी घेतल्याला चार वर्षं झाली होती. ते त्याआधी एकदाही आलेलं नव्हतं.

आम्ही दापोलीहून परत निघालो होतो. गाडीत पाच माणसं. डिकीत हापूसच्या चार पेट्या, दोन फणस, आमसुलांची पिशवी, आगळाच्या बाटल्या आणि चुलतवहिनीने "असू दे, गाडीच तर आहे" म्हणून घातलेलं तांदळाचं अर्धं पोतं. खरं तर महाड-माणगाव करून ताम्हिणीने सरळ पुण्याला यायचं. पण आत्याला महाबळेश्वरला पंचगंगेचं दर्शन घ्यायचं होतं. समुद्राच्या पातळीपासून फारसं वर नसलेलं पोलादपूर आणि साडेतेराशे मीटर उंचीवरचं महाबळेश्वर, मधे चाळीसेक किलोमीटर. हा सगळा चढ दुपारी दीड वाजता, एसी चारवर ठेवून चढायचं आम्ही ठरवलं होतं. ठरवलं कसलं, जेवायला उशीर झाला आणि ते ठरलं.

पुढचं मला सगळं नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. सिलिंडरच्या आत पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं. सिलिंडरच्या डोक्यावर जो 'हेड' नावाचा भाग असतो, तो बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमचा, आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे आपण रोज ऑफिसला जातो ते एका वितळायला टेकलेल्या भांड्यात बसून. ते वितळत नाही याचं कारण त्याच्या अंगाभोवती सतत पाणी खेळवलेलं असतं. आपण पेट्रोलला शंभर रुपये देतो, त्यातले तीसेक रुपये गाडी पुढे ढकलायच्या कामी येतात. उरलेल्यांची उष्णता होते, त्यातली काही सायलेन्सरमधून जाते, काही रेडिएटरच्या पाण्यातून. हिशेबाने पाहिलं तर गाडी ही मुळात चूल आहे, चालणं हा तिचा जोडधंदा.

या चुलीला घाट सगळ्यात वाईट. सपाटीला ऐंशीच्या वेगाने जाताना समोरून फुकटचा वारा येतो आणि रेडिएटर गार राहतो. घाटात इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये बोंबलत असतं आणि वारा लागतो बैलगाडीला लागेल तेवढा. सगळी भिस्त मग विजेवर चालणाऱ्या पंख्यावर. त्यातून एसी लावलेला. एसीची जाळी रेडिएटरच्या बरोबर पुढे बसवलेली असते. आपल्या अंगची गरमी बाहेर काढून ती नेमकी रेडिएटरच्या तोंडावर फुंकायची, अशी ही व्यवस्था. ज्याने केली त्याचं एकत्र कुटुंब असावं.

जुन्या गाड्यांत निदान काटा असायचा. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच. अण्णांनी मला गाडी शिकवली तेव्हा सांगितलं होतं, सी म्हणजे चालू आणि एच म्हणजे हळू. त्या काट्याचा एक फायदा होता, तो चढताना दिसायचा. माणूस रागावत चाललाय हे आधी कळतं, तसं. आता पुष्कळ गाड्यांतला काटा गेला. सकाळी गाडी थंड असली की थोडा वेळ निळा दिवा लागतो, तो विझला की सगळं ठीक, आणि लाल लागला की गोष्ट हाताबाहेर जायला लागलेली. मधलं काही नाही. निळ्याचा अर्थ 'जरा दमाने घे', लालचा अर्थ एकच, 'थांब'. पुढे काही बारीक अक्षरात लिहिलेलं नाही.

आणि नेमकं तेवढंच आमच्याने होईना.

बायको म्हणाली, "थांबायचं का?" तिला पुढच्या वळणावरची आंब्याची सावली दाखवण्यात आली. ते वळण आलं तर सावलीत आधीच माकडं बसलेली. डिकीत चार पेट्या हापूस असताना आंबेनळीच्या माकडांपुढे गाडी उभी करायला छाती लागते. मग ठरलं, वर एखादं हॉटेल लागेल, तिथे थांबू, चहाही होईल. मग आत्या म्हणाली, चहाला थांबायचंच आहे तर प्रतापगडाच्या फाट्याला थांबू, तिथे देवीला हात जोडता येतील. म्हणजे एका लाल दिव्यासाठी आम्ही एकामागून एक चांगली ठिकाणं निवडत होतो. थांबण्यालाही निमित्त लागतं आमच्याकडे. नुसतं 'गाडी म्हणाली म्हणून थांबलो' हे पुण्याला जाऊन कुणाला सांगणार?

यात मला सर्वांत नवल वाटतं ते अण्णांचं. कारण आयुष्यभर घाटात थांबत आलेला माणूस तो. १९७८ साली त्यांनी एक सेकंडहँड गाडी घेतली होती, आणि तिच्यातून आम्ही मुंबईहून सातारला जायचो. एक्स्प्रेसवे कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तो पुरा व्हायला २००२ उजाडलं. तेव्हा खोपोलीला थांबायचं हा कार्यक्रमाचाच भाग. बॉनेट उघडून गाडीला 'श्वास' द्यायचा, आपण वडे खायचे. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं. इंग्रजांना हा घाट कुठून चढतो ते ज्याने दाखवलं त्या धनगराचं ते देऊळ, आणि घाट चढणारा ड्रायव्हर त्याला विसरायचा नाही. पुढे खंडाळ्याच्या आत कुठेतरी बॉनेटमधून वाफ यायचीच. रस्त्याच्या कडेला पाच-सहा गाड्या जबडे वासून उभ्या असायच्या, त्यांच्यामध्ये आमची. आई ओलं गोणपाट काढायची, अण्णा डिकीतला रॉकेलचा जुना डबा काढायचे, त्यात पाणी भरून आणलेलं असायचं. आजूबाजूच्या गाड्यांतल्या माणसांशी ओळखी व्हायच्या. माझ्या एका मावशीचं लग्न असं बोरघाटात वाफ जिरेपर्यंतच्या बोलण्यातून जमलंय. रेडिएटर फुटका नसता तर आम्हाला काका मिळाले नसते.

"अण्णा, तेव्हा तुम्ही थांबायचात," मी म्हणालो.

"ती जुनी गाडी होती," अण्णा म्हणाले. "नव्या गाड्यांना काही होत नाही."

इथे खरी मेख आहे. जुनी गाडी रोज कुरकुरायची म्हणून तिचं ऐकायची सवय होती. नवी गाडी चार वर्षं एक शब्द बोलली नाही आणि जेव्हा बोलली तेव्हा आम्ही तिला वेड्यात काढलं. घरातल्या गप्प माणसाचं जे होतं तेच.

एवढ्यात बायकोने तिच्या भावाला, कऱ्हाडला, फोन लावला. मेहुण्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे आणि ट्रॅक्टर ज्याला कळतो त्याला सगळं कळतं अशी सासरी श्रद्धा. रेंजची एकच काडी होती. "दाजी, पहिला एसी बंद करा," तो ओरडला, "आणि हीटर लावा. फुल्ल! काचा खाली घ्या आणि..." तो पुढे काहीतरी म्हणाला, पण तेवढ्यात रेंज गेली. तो 'थांबा' म्हणाला होता, हे आम्हाला रात्री कळलं.

मेमध्ये हीटर! पण सल्ला चुकीचा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे लपवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनाचं तापलेलं पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून वारा मारतो. तो पूर्ण सोडला की इंजिनाची थोडी आग आपल्या अंगावर घेता येते, म्हणजे थांबायला जागा सापडेपर्यंतचा वेळ मिळतो. घेतली अंगावर. काच खाली केल्यावर बाहेरून लू, समोरच्या जाळीतून वाळवणाचा वारा. आत्याचा पदर डोक्यावर, अण्णांचा रुमाल गळ्याला, चिरंजीव पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवून बसलेले. माझा हात स्टिअरिंगवरून घामाने निसटत होता. बायको म्हणाली, "पापड घातले असते तर दोन वळणांत वाळले असते."

मग एक गोड वास यायला लागला. "आंबे पिकले गं," आत्या म्हणाली. डिकीत हापूस, वर हीटर, कुणालाही तेच वाटलं असतं. घरी जाईपर्यंत पेटीला गळ लागेल का, रस काढून ठेवावा लागेल का, फ्रीझरमध्ये जागा आहे का, अशी बोलणी सुरू झाली. मीही छाती भरून दोनदा वास घेतला.

आणि दोन वळणांनंतर चमत्कार झाला. आधी हीटरमधून येणारा वारा कोमट झाला, मग चक्क गार. अण्णांनी जाळीवर हात धरून खात्री केली. लगेच लाल होडी विझली. डॅशबोर्ड कसा निर्मळ, जणू काही झालंच नव्हतं.

गाडीत जो आनंद झाला तो सांगता येत नाही. आत्याने देवीला नारळ बोलला. अण्णा म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? नव्या गाड्या आपलं आपण बरं करतात." बायकोने आंबापोळीचा पुडा फोडून सगळ्यांना एकेक तुकडा दिला, मला दोन. मी एसी परत लावला. आता थांबायचं कारणच उरलं नव्हतं. तशा अवस्थेत आम्ही तीन किलोमीटर गेलो. गाणी लावून.

तीन किलोमीटरनंतर इंजिनातून खडे हलवल्यासारखा टकटक आवाज यायला लागला. अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी चढेना. बॉनेटच्या फटीतून इडलीपात्रासारखी वाफ आली आणि एका चढाच्या वळणावर, जिथे सावली, हॉटेल, देऊळ, रेंज यांतलं काहीही नव्हतं, गाडी आपली आपण थांबली. माकडं मात्र होती.

गाडी थांबल्यावर माणसाला वाटतं, आता काहीतरी केलं पाहिजे. इतका वेळ जे करायचं नव्हतं ते सगळं करून झालेलं असतं आणि आता काहीच करायचं नसतं, तर हात शिवशिवतात. मी बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. बायको किंचाळली, "अहो, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी झाकण उघडता का तुम्ही?" मी म्हणालो, हे काय स्वयंपाकघर आहे? वास्तविक तिचा मुद्दा तंतोतंत होता. रेडिएटरमधलं कूलंट म्हणजे निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल, आणि वरून झाकणाचा दाब. त्या दाबामुळे ते शंभर अंशांच्या वर, एकशेवीसपर्यंतसुद्धा न उकळता राहू शकतं. झाकण काढलं की दाब गेला, आणि सगळं एका क्षणात वाफ होऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. कुकरमध्ये वरण लवकर शिजतं तेही याच नियमाने. पण हा नियम बायकोने स्वयंपाकघरातून आणला होता, म्हणून मला तो इंजिनाला लागू वाटला नाही.

मी ऐकलं नसतंच. पण वरून भाजीचा एक रिकामा टेम्पो उतरत होता, तो थांबला. तिशीचा ड्रायव्हर, खिडकीतूनच ओरडला, "ओ काका! झाकनाला हात लावू नगा!" खाली उतरून त्याने आधी आमच्या मागच्या चाकाला दगड लावला, मग शर्टाची बाही वर करून मला दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चकचकीत गुलाबी, आवळून शिवल्यासारखी. "पसरणीच्या घाटातलं. दोन हजार अकराचं." मी हात खिशात घातला.

अण्णांनी एक सूचना केली, की गाडी न्यूट्रलवर टाकून पोलादपूरपर्यंत उताराने सोडावी, पेट्रोलही वाचेल. त्याने अण्णांकडे आदराने पाहिलं. "आजोबा, इंजन बंद असलं की ब्रेकचा जोर संपतो. दोन-तीनदा दाबला की पायाखाली दगड. स्टिअरिंगबी जाम. मग गाडी जाईल पोलादपूरला, पन सरळ रेषेत." अण्णांनी खाली दरीकडे पाहिलं आणि सूचना मागे घेतली. चिरंजीवांनी बाटलीतलं गार पाणी इंजिनावर ओतून बघायची तयारी दाखवली, तीही त्याने मोडून काढली. तापलेल्या काचेच्या भांड्यावर पाणी मारल्यावर त्याचं जे होईल ते इंजिनाचं होतं, तडा जातो. मग करायचं काय? "बसायचं," तो म्हणाला, "पाऊन तास." आणि स्वतः टेम्पोच्या सावलीत बसला. त्याच्या जागी मी असतो तर पुढे निघून गेलो असतो, हे कबूल करतो.

त्या पाऊण तासात आत्याने त्याची सगळी माहिती काढली आणि त्याच्यासाठी एक मुलगीही सुचवली. घाटात वाफ जिरेपर्यंत सोयरिकी जमतात ही आमच्या घरची परंपरा. बायको डॅशबोर्डच्या खणात पंखा करायला काही मिळतं का शोधत होती, तर तिला गाडीचं मॅन्युअल सापडलं. चार वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं, पीयूसीची कागदं आणि तिरुपतीच्या प्रसादाच्या पुडीखाली. तिने पिशवी फाडली आणि मोठ्याने वाचायला घेतलं: लाल दिवा लागल्यास सुरक्षित जागी ताबडतोब थांबा, एसी बंद करा, इंजिन बंद करा, ते थंड होईपर्यंत झाकण उघडू नका. दिवा लागलेला असताना गाडी चालवत राहू नका. "होडीचं चित्रपण आहे," ती म्हणाली. "खाली लिहिलंय, थर्मामीटर." चिरंजीव काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हेच जास्त लागलं.

पाऊण तासाने त्याने जाड फडकं घेऊन झाकण पाव वळसा फिरवलं, फुस्स आवाज जाऊ दिला, मग उघडलं. आत डोकावला आणि बोट घालून दाखवलं. कोरडं. मग खाली पडून टॉर्च मारली. रेडिएटरच्या खालचा रबरी पाइप, होज पाइप म्हणतात तो, क्लिपेच्या जवळ चिरला होता. रबर जुनं झालं की तिथेच जातं म्हणाला. त्याच्याकडे सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी होती, ती त्याने चिरेवर ताणून गुंडाळली, वरून तारेने आवळली. "हळद हाय का?" त्याने विचारलं. बारीक गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकतात, ट्रकवाल्यांचा जुना उपाय. आमच्याकडे तांदूळ, फणस, आगळ, आंबे सगळं होतं, हळद नव्हती. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या तरी रेडिएटर भरेना, तेव्हा चिरंजीवांनी विचारलं, आगळ चालेल का? त्यावर तो टेम्पोवाला जो हसला, त्याने वातावरण पुष्कळ निवळलं. टेम्पोतल्या कॅनचं पाणी त्याने दिलं.

इंजिन चालू केलं. रेडिएटरच्या उघड्या तोंडातून बुडबुडे यायला लागले, आणि मागे सायलेन्सरमधून पांढरा धूर. त्याने हात पुसले. "काका, बंद करा. हेड गेलं."

गाडी शेवटी क्रेनवर बसून महाबळेश्वरमार्गे वाईला गेली. आत्याचं पंचगंगेचं दर्शन क्रेनवाल्याच्या केबिनच्या खिडकीतूनही झालं नाही. आंबे एकेक पेटी मांडीवर घेऊन आम्ही एसटीने निघालो, आणि तेव्हा कळलं की आंबे अजून कच्चे दगडच होते.

दुसऱ्या दिवशी वाईच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने डिपस्टिक काढून माझ्या नाकासमोर धरली. काळं ऑइल असायच्या जागी दाट, तपकिरी-पांढरं काहीतरी. "साहेब, ऑइलचा चहा झालाय." पाणी ऑइलमध्ये शिरलं होतं. गॅस्केट उडालेलं, हेड वाकलेलं, आता ते सातारला फेसिंगला पाठवायचं. मी त्याला सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी विचारलं, की मधे दिवा विझला होता, हीटरही गार झाला होता, गाडी चांगली सुधारली होती, मग एकाएकी काय झालं?

मिस्त्री माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "गोड वास आला होता का आधी?"

"आंब्यांचा," मी म्हणालो.

"तो ग्लायकॉलचा. कूलंट गोडच असतं वासाला. तिथं पाइप फुटला." मग तो मुलाला समजवावं तसं बोलायला लागला. पाणी संपलं, म्हणून हीटरमधून गार वारा आला, कारण हीटरमध्ये फिरायला गरम पाणीच राहिलं नाही. आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो तो पाण्यात बुडालेला असतो. पाणी गेलं की तो हवेत लटकतो. त्याला वाटतं गार झालं. म्हणून दिवा विझला. "तुम्ही आंबापोळी खात होता ना, तेव्हाच हेड वाकत होतं. आधी थांबला असता तर पाइप बदलून आणि पाणी भरून घरी गेला असता."

मी यानंतर या विषयावर बरंच वाचलं. माणूस चुकल्यावर वाचतो. त्यात मला बर्था बेंझ भेटली. कार्ल बेंझने मोटार बनवली हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑगस्ट १८८८मध्ये त्याच्या या बायकोने नवऱ्याला न सांगता ती गाडी काढली, ऑयगेन आणि रिशार्ट ही दोन पोरं बसवली आणि मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला माहेरी गेली. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास तो. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता, पाणी उकळून वाफ होऊन जायचं, त्यामुळे दर थोड्या अंतराने थांबून जिथे मिळेल तिथे पाणी भरावं लागे. पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून तिने ती मोकळी केली. वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. चढावर पोरांनी गाडी ढकलली. आणि संध्याकाळी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली.

हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. "नवरा बरोबर नव्हता," ती म्हणाली, "म्हणून थांबता आलं तिला."

गाडी अकराव्या दिवशी मिळाली. बिल आमच्याकडे शोकेसवर ठेवलं आहे. त्यात क्रेन, हेड फेसिंग, गॅस्केट किट, ऑइल, फिल्टर, कूलंट, मजुरी मिळून २७,८६० रुपये आहेत आणि तळाशी होज पाइपचे ३८०. अण्णांनी ते चष्मा लावून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं, बोटाने शेवटची ओळ दाबून धरली आणि म्हणाले, "पाइपाचे जरा जास्तच लावलेत त्याने."